कुणाच्या दारात

डांबराचा माल गाडीत वाफाळत होता आणि मुकादम फावड्यावर हनुवटी टेकवून उभा होता. "ताई, जागा दाखवा," तो म्हणाला. "माल गार झाला की दगड होतो. मग तो काढायलाच वेगळी माणसं लागतील."

जागा दाखवायचीच तेवढी राहिली होती. गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी, म्हणून साऱ्या शहराच्या गाड्या इथून सुसाट. चष्मेवाल्याच्या मुलीचा पाय मोटरसायकलने मोडला, त्या दिवशी अख्खी गल्ली नगरसेविकेच्या घरी जाऊन बसली. स्पीडब्रेकर पाहिजे म्हणजे पाहिजे. तिने खेटे घालून तो मंजूर करून आणला. आज पडला नाही तर माल शेजारच्या वॉर्डात जाणार, आणि तिथले नगरसेवक टपूनच बसले होते.

स्पीडब्रेकर सगळ्यांना हवा होता. फक्त शेजाऱ्याच्या दारात.

सुरुवात निवृत्त हेडमास्तरांपासून झाली. नगरसेविका याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. त्यामुळे इथल्या जुन्या लोकांची एक रीत होती. काम करून घ्यायचं असलं की ती 'ताईसाहेब', अंग काढून घ्यायचं असलं की 'बबी'. मास्तरांनी फाटक अर्धंच उघडलं. बबी, माझी झोप सशाची, ते म्हणाले. गाडी आदळली की मी उठणार, मी उठलो की ही उठणार, आणि ही उठली की कुणाचीच धडगत नाही. आतून बाईंनी काहीतरी सुनावलं. मास्तरांना ते ऐकू आलं नाही.

शिंप्याचं म्हणणं पडलं, गाड्या दारात रेंगाळल्या की धूर थेट लोकांच्या नव्या कपड्यांवर. दातांच्या डॉक्टरांनी हातातलं इंजेक्शन दाखवून विचारलं की नेमक्या वेळी दणका बसला तर जबाबदार कोण. त्यांच्या खुर्चीतल्या पेशंटने उघड्या तोंडानेच मान हलवली. ती कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.

चष्मेवाल्यापाशी तरी प्रश्न मिटेल असं नगरसेविकेला वाटलं होतं. खिडकीतून त्याची मुलगी दिसत होती, प्लास्टरमधला पाय स्टुलावर. तो दार ओढून घेऊन बाहेर आला.

"पाय आमचा मोडला, आता दणकेही आमच्याच दारात?" तो म्हणाला. "गल्लीने थोडं वाटून घ्यावं की."

बोलणं आडमुठं होतं, पण हिशोब चोख होता.

मुकादमाने मालात फावडं खुपसून पाहिलं. वरचा थर धरायला लागला होता. त्याने फावडं उपसून नगरसेविकेला दाखवलं.

"मग तुमच्या आईच्याच दारात घाला ना, ताईसाहेब," शिंपी म्हणाला. "घरचंच दार आहे, कुणाला विचारायला नको."

मागून आलेले चारजण हसले आणि तिथेच थांबले. नाही म्हणाली तर ही पण आपल्यासारखीच, आणि हो म्हणाली तर काम झालं. दोन्हींत गल्लीचा तोटा नव्हता.

आईचं घर खालच्या तोंडाशी, शेवटचं. ती पायरीजवळ खुर्ची टाकून बसली होती. लेक सकाळ-संध्याकाळ इथूनच जायची. थांबायला सवड नसायची, म्हणून हॉर्न वाजवायची. तो हॉर्न आईने भेटीच्या खात्यात जमा धरायचा, असा दोघींचा व्यवहार होता. निदान लेकीच्या बाजूने तरी होता.

"आई, रात्रंदिवस आवाज होईल," नगरसेविका हळू आवाजात म्हणाली. "तुझं ब्लडप्रेशर आहे. नको असेल तर नको म्हण, मी यांना तोंड देते."

आईने जमलेल्यांकडे एकेक करून पाहिलं. मास्तरांकडे जरा जास्त वेळ. मग ती उठली आणि कामाला जागा व्हावी म्हणून खुर्ची मागे ओढली.

"घाला इथेच," ती म्हणाली. "शांतता माझ्याकडे पुष्कळ आहे."

घमेली भराभर रिकामी झाली, छोटा रोलर दोनदा फिरला. आता गल्लीला एकदम उत्साह आला. मास्तरांनी उतार कसा असावा ते ताईसाहेबांना समजावलं, शिंप्याने पांढरे पट्टे मारायची आठवण केली. सगळं मनासारखं झाल्यावर जो तो आपापल्या दारात गेला.

नगरसेविकेचा फोन मघापासून वाजत होता. पाण्याच्या टाकीपाशी माणसं खोळंबली होती. आई, येते गं, म्हणत तिने स्कूटर चालू केली, तोच मुकादमाने वाटेत दगडांची रांग लावली.

"तासभर कुणाला सोडता येणार नाही, ताई. चाक उमटलं की सगळं फुकट."

तिने मागे वळून पाहिलं. वरच्या तोंडाला डांबराची गाडी आडवी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. फोन पुन्हा वाजला. अडकलेय, तिने सांगितलं, आणि स्कूटर बंद करून स्टँडवर लावली.

आई तोवर आतून दुसरी खुर्ची घेऊन आली होती. ती तिने आपल्या खुर्चीशेजारी ठेवली, हाताने पुसली, आणि मुकादमाला हाक मारली.

"अहो, घाई करू नका," ती म्हणाली. "सावकाश गार होऊ द्या."