माळढोकाची संमती

सुनावणी भर माळावर भरली होती, कारण अभयारण्यातून विजेच्या तारा न्यायच्या तर आता तिथल्या पक्ष्याची परवानगी लागत होती. उरलेला एकुलता माळढोक गळा फुगवून घुमला आणि दुभाषी यंत्र मराठीत बोललं, "जा!"

"ऐकलंत? खुशाल जा म्हणतोय," कंपनीचे वकील हसले.

वनाधिकारी शेवंता गवसानेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, हाकलतोय तो तुम्हाला! याच्या माद्या तारांवर आपटूनच मेल्यात!"

"तो अर्थ तुमचा, मॅडम. यंत्र फक्त 'जा' म्हणालं."

शेवंताबाईंनी वकिलांच्या गाडीकडे बोट दाखवलं आणि त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "जा!"

वकील यंत्राकडे वळले. "नोंद घे. मॅडमचीही संमती आहे."