वाफेला वाट

खोक्याच्या झाकणावरच्या सगळ्या चिरा चिकटपट्टीने बुजवलेल्या होत्या. पट्टी नखाने दाबून, कडेकडेने नीट बसवलेली. घाईचं काम नव्हतं ते.

लेक झाकण हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बाबा ओट्यापाशी पाठमोरे होते. ती आज न सांगता आली होती. उद्या कारखान्यात याच झाकणाचा साचा बनवायचा होता, त्याआधी एकदा खोका उघडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून.

त्या चिरांवर तिचं वर्ष गेलं होतं. हॉटेलातून घरी पोचेपर्यंत तळलेला जिन्नस गरम राहावा, पण ओलावू नये. वाफ कोंडली की बटाट्याच्या कापांचा लगदा होतो, मोकळी सोडली की ते गार पडतात. म्हणून खोक्याच्या तळाला बारीक उंचवटे, झाकणाला केसाएवढ्या चिरा. वाफेला वाट द्यायची आणि उबेला धरून ठेवायचं. आई गेल्यापासून बाबा एकटेच होते, तेव्हा चाचणीचा खोका रोज दुपारी त्यांच्याकडेच जायचा. तेवढीच जेवणाची सोय. संध्याकाळी ती फोन करून विचारायची. बाबा म्हणायचे, "कुरकुरीत होतं गं, दाताखाली वाजत होतं." मग गुडघ्याचं, नळाच्या पाण्याचं, शेजारणीच्या मांजराचं बोलणं निघायचं.

"बाबा, हे काय केलंत?"

बाबा दचकून वळले. तोंडावर रुमाल धरलेला. "ठमे, सांगून यायचं नाही का? दोघांपुरतं मागवलं असतं."

"चिरा बुजवल्या की सगळं मऊ पडतं. मग रोज फोनवर सांगत होतात ते काय?"

"तुला ऐकायचं होतं ते."

"तुमच्या शब्दावर उद्या साचा बनणार आहे, बाबा. वर्ष घातलंय मी यात."

ताटलीत काप होते, चमच्याने दाबून पार एकजीव केलेले. बाबांनी हळूच रुमाल खाली घेतला. ओठ आत ओढले गेले होते, नाडी आवळलेल्या पिशवीसारखे. गालांत खळगे. फोनवर त्यांचे शब्द फुसफुसत यायचे, तिला वाटायचं लाइन खराब आहे.

ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"दात कधी काढले?"

"थंडीत. हिरड्या पिकल्या होत्या. कवळी केली, तर ती माझ्याशी भांडते. पाण्यात बसलीय रुसून."

तिला हसू आलं नाही. "एका शब्दाने सांगायचंत ना. रोज मऊ काहीतरी करून पाठवलं असतं मी."

"पाठवलं असतंस. ते का ठाऊक नाही मला?" बाबांनी तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि सुटलेलं पट्टीचं टोक अंगठ्याने पुन्हा दाबून बसवलं. "पण चाचणीला मग तुला दातवाला माणूस बघावा लागला असता. संध्याकाळचा फोन त्याला गेला असता."