मुद्दाम

घड्याळवाला स्टूल ओढून बसला तो थोरलीच्या नाही, धाकटीच्या मशीनशेजारी.

ओळीतल्या सगळ्या सुया क्षणभर अडखळल्या. एका कॉलरला लागणारा वेळ मोजून सगळ्या ओळीचं टार्गेट नव्याने ठरवायला तो दोन वर्षांनी एकदा यायचा आणि दर वेळी थोरलीलाच मोजायचा. शर्टांच्या त्या कारखान्यात कॉलर लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. या खेपेला ओळीतल्या चाळीस बायका तयारीत होत्या. सध्याचं टार्गेट होतं कॉलरला पंचेचाळीस सेकंद. ते पन्नासवर न्यायचं, म्हणून थोरलीने त्याच्यासमोर जरा हात आखडायचा, असं ठरलं होतं.

ठरवलं होतं कटिंगच्या मास्तरांनी. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते बायकांना एका जाड पुस्तकातलं समजावून सांगत. “मालक आपले श्रम विकत घेत नाही, श्रमशक्ती घेतो,” ते म्हणत. “त्या शक्तीतून श्रम किती पिळून काढायचे, ही ओढाताण रोज मशीनवर चालते. तेवढीच काय ती आपल्या हातात.”

“आणि हातातच नसेल तर, मास्तर?” धाकटीने विचारलं होतं.

सगळ्या खो खो हसल्या होत्या. थोरली सोडून.

धाकटी तिची जाऊ. दिराचं काम सुटलं तेव्हा थोरलीनेच सुपरवायझरला शब्द देऊन तिला इथे आणलं होतं. तीन महिन्यांची ट्रायल येत्या शनिवारी संपत होती. जमलं तर पक्की, नाही तर घरी. धाकटी जीव तोडून शिवायची, कॉलर सरळही यायची, पण एकीला पुरं मिनिट घ्यायची. दिवसाला सहाशे चाळीस हव्यात तिथे हिच्या चारशे ऐंशी. उरलेल्या एकशे साठ थोरली आपल्या गठ्ठ्यातून गुपचूप हिच्या गठ्ठ्यात सरकवायची. त्यासाठी तिला दर छत्तीस सेकंदांना एक कॉलर उतरवावी लागे. त्याच्या पलीकडे तिचाही हात जात नव्हता.

मास्तर म्हणायचे, मजुरीपुरतं काम दुपारपर्यंतच होतं. पुढचं सगळं वरकड, आणि ते मालकाचं. तेव्हापासून थोरलीच्या डोक्यात भुंगा लागला होता. मग या एकशे साठ कॉलरी कोणाच्या? मालकाच्या म्हणाव्यात, तर त्या तिने जावेला दिल्या होत्या. जावेच्या म्हणाव्यात, तर संध्याकाळी जात होत्या मालकाकडेच. आणि हे मास्तरांना विचारायचीही सोय नव्हती.

“घाबरू नका, बाई. रोजच्यासारखं करा,” घड्याळवाला म्हणाला.

धाकटीने रोजच्यासारखंच केलं. मान खाली, ओठ दाताखाली, दहा कॉलरी. दहा मिनिटं.

घड्याळवाल्याने तिच्या मशीनवरचं कार्ड उचललं. खालपासून वरपर्यंत वाचलं.

“रोज सहाशे चाळीस. तीन महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही. आणि आज मिनिटाला एक?” त्याचा आवाज जराही चढला नव्हता. “हे नाटक कोणी शिकवलं?”

“नाटक नाही, साहेब. एवढंच होतं माझ्याच्याने.”

“मग कार्ड काय भुतं भरतात?”

त्याने हातातली लिहायची पाटी तिच्यासमोर धरली. पाटीवरच्या कागदात दोन रकाने होते. “हे बघा. इथे घड्याळाचे साठ सेकंद. आणि इथे मी लिहिणार, तुम्ही जोर किती लावलात. शंभर टक्के लिहिला, तर टार्गेट साठ सेकंद. साठ टक्के लिहिला, तर छत्तीस. आता काय लिहू ते सांगा.”

हा दुसरा रकाना मास्तरांच्या बेतात नव्हता. थोरलीचा पाय पेडलवरून सुटला. खरं सांगितलं, तर ओळ वाचत होती आणि धाकटी घरी जात होती. गप्प बसलं, तर धाकटी पक्की होत होती आणि ओळीचं मरण होतं. यात मालकाच्या बाजूचं कुठलं आणि आपल्या बाजूचं कुठलं, तिला काही केल्या कळेना. बुधवारी ऐकलेलं एकेक वाक्य तिने आठवून पाहिलं. एकही इथे बसेना.

“साहेब,” ती उठत म्हणाली, “ते कार्ड...”

“मुद्दाम करत होते,” धाकटी म्हणाली.

घड्याळवाला तिच्याकडे वळला. “मुद्दाम?”

“हो. मुद्दाम हळू.”

“म्हणजे हात चालतो तुमचा.”

“चालतो की. चांगला चालतो.”

त्याने दुसऱ्या रकान्यात साठ लिहिलं, सुपरवायझरला लांबूनच खूण केली आणि स्टूल उचलून निघून गेला. पलीकडच्या काकूंनी कपाळाला हात लावला.

छत्तीस सेकंद. सोमवारपासून चाळीसजणींना, आणि धाकटीलाही. थोरलीचा सगळा जोर आता तिच्या एकटीच्या टार्गेटला लागणार होता. शेजारी सरकवायला एक कॉलर उरत नव्हती. हे धाकटीच्या लक्षात आलं असेल का? की लक्षात येऊनच बोलली? थोरली तिच्याकडे वळली. रागावायचं की पाठीवर हात ठेवायचा, हे वळतानाही ठरलं नव्हतं.

धाकटीचे कान लाल झाले होते. ती ताठ बसली होती. पुढची कॉलर तिने सुईखाली घातली आणि थोरलीकडे झुकली.

“जाऊबाई,” ती कुजबुजली, “त्याला खरंच वाटलं हो, मला येतं म्हणून.”