काळंनिळं नख
सोफियातल्या एका वैद्यकीय कॉलेजात तास घरबसल्या बघायचे आणि प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ पाठवायचा, अशी सोय होती. सर्जरी शिकवणाऱ्या रायनाबाईंनी डुकराच्या पायावर टाके घालायला सांगितलं. चौदा विद्यार्थ्यांचे चौदा व्हिडिओ आले, चौदाही व्हिडिओंत अंगठ्याचं तेच काळंनिळं नख. त्या तडक डीनकडे तक्रार घेऊन गेल्या. "टाके सुबक आहेत ना? मग सहापैकी सहा द्या आणि मोकळ्या व्हा," डीन जांभई देत म्हणाले. धुसफुसत घरी जाताना बाई कॉलेजसमोरच्या खाटकाकडे सूपसाठी पाय घ्यायला थांबल्या. "टाके घालून देऊ की नुसताच?" सुरा चालवतच त्यानं विचारलं. सुऱ्यावरच्या अंगठ्याला तेच नख होतं. "शी! लाज नाही वाटत? कुणी शिकवलं तुला हे?" बाई कडाडल्या. त्यानं वर पाहिलं, हरखून टोपीच काढली. "अहो, तुम्हीच की! मॅडम, पोरं कुठली बघतात? तुमचा प्रत्येक तास मीच बघतो."