नववी ब चा भूप

“उद्यापासून संगीताचा तास गणिताला,” मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले.

“आज या पोरांनी राग वाजवला तर राहू द्याल?” हिर्लेकर बाईंनी विचारलं.

“ही नववी ब?” ते हसले. “वाजवू देत.”

बाईंनी पेटी मिटली आणि सगळ्यांच्या पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या बाकावर काढायला लावल्या. एकेकीवर पट्टी वाजवून त्या सांगत सुटल्या, “पल्लवी, दोन घोट पी, तुझा गंधार उतरलाय. लोंढे, पिऊ नकोस, तू षड्ज आहेस!”

“बाई, तहान लागलीय.”

“षड्जाला तहान लागत नसते.”

मग त्रेचाळीस बाटल्यांतून भूप उमटला. खोटं वाटेल, पण छताचा पंखा लयीत फिरू लागला, मैदानावरची कबड्डी थांबली आणि शिपाई घंटा द्यायचा विसरला. एरवी बाकावर न टिकणारी पोरं श्वास रोखून आपापल्या सुराची वाट पाहत होती.

मुख्याध्यापक दारातूनच निघून गेले. बाईंनी पट्टी खाली ठेवली. तेवढ्यात ते ऑफिसातला तांब्या घेऊन परतले, शेवटच्या बाकावर लोंढेशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, “बाई, मी किती पिऊ?”