आज काय निघालं

चिकलठाण्यातल्या रो-हाऊसच्या मागं गोजरबाईचा भाजीचा वाफा होता. रोज सकाळी ती त्यात एक खड्डा करायची आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा पुरायची. दुसऱ्या दिवशी वीतभर पुढं नवा खड्डा.

एका मंगळवारी कोऱ्या जागी खुरपं घातलं, तर आत दोडक्याची सालं निघाली. ताजी, ओलसर.

"महिन्यात दोडका आणलाच नाय आपण," सून निशा म्हणाली.

संध्याकाळी मुलगा संघपाल कंपनीतून येताना दोडके घेऊन आला.

बुधवारी मेथीच्या काड्या निघाल्या, आणि दुपारी शेजारणीनं मेथीची जुडी आणून दिली. गुरुवारी अंड्यांची टरफलं निघाली.

कुणी फार विचार केला नाही. उलट घरातला रोजचा एक प्रश्न सुटला. निशा खिडकीतून विचारायची, "आज काय निघालं?" आणि मग तेच शिजायचं.

आज खड्ड्यात नुसती माती होती. गोजरबाईनं कोपरापर्यंत खणलं. बाजूलाही खणलं. कांद्याचं फोलपटसुद्धा नव्हतं.

या घरात कांदाही चिरला नाही, असा तिला एकच दिवस आठवत होता. नवऱ्याला स्मशानात नेलं तो. पिठलं-भाकरी शेजारणीनं आणली होती.

पुढच्या दारी संघपालनं गाडी चालू केली. कामाला निघताना तो रोज देतो तसा त्यानं हॉर्न दिला.

निशा खिडकीत आली.

"आई, आज काय निघालं?"