शेऱ्याचा रकाना

सत्काराच्या प्रमुख पाहुण्यांनी स्टेजवर चढायच्या आधी भीमाशंकर गुरुजींच्या अक्षराचं कौतुक केलं. मांडवाच्या कडेला उभे राहून ते वही चाळत होते. दोनशे चौदा नावं, एक खाडाखोड नाही. असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही, असं ते म्हणाले आणि निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींची छाती दोन बोटं पुढं आली.

सत्कार सिस्टर सेलीन यांचा होता. सास्तूरजवळच्या त्या गावात, मिशनच्या दवाखान्याच्या पडवीत, त्या तीस वर्षं लोकांच्या जखमा धूत होत्या, आणि तीस वर्षांत त्यांना एक शाल द्यावी असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. यंदा ते रणधीरच्या मनात आलं. रणधीर तालुक्याचा भावी कोणीतरी होता. कोण, ते अजून वरून ठरायचं होतं. बॅनरवर त्याचा फोटो बैलाएवढा आणि सिस्टरांचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. जीवनगौरवाला लाभार्थ्यांची यादी लागते, अंगठ्यासकट, असं त्यानं सांगितलं आणि काम आपसूक गुरुजींकडं आलं. गुरुजी दारोदार फिरले. लोक कचरायचे. शिस्टरबाईंच्या मानाचं काम आहे म्हटलं की मुकाट अंगठा पुढं करायचे.

आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेल्या माणसाला नुसती यादी करताच येत नाही. हात आपोआप रकाने आखतो. गुरुजींनी सहा आखले: अनुक्रमांक, नाव, वय, जात, अंगठा, शेरा. जात कुणी मागितली नव्हती, पण शाळेच्या रजिस्टरात असते, म्हणून घातली. शेऱ्याचा रकाना मोकळा बरा दिसेना. तिथं त्यांनी पहिल्या गिरिजाबाईपासून शेवटच्या नावापर्यंत एकच ओळ लिहिली: ‘दर रविवारी न चुकता सिस्टरांकडं जातात.’

“रविवारी काय असतं, गुरुजी?” पाहुण्यांनी विचारलं.

पट्ट्या बदलायच्या असतात, गुरुजी म्हणाले. बाकीचे दिवस लोक रानात असतात.

“आणि प्रार्थना?”

ती सिस्टर आपली आपली करतात, पडवीच्या टोकाला बसून.

“म्हणजे प्रार्थना चालू असताना हे दोनशे चौदा जण पडवीत असतात.”

पाहुण्यांनी हे विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग मोठ्या मायेनं सांगितलं की शेजारच्या तालुक्यात अशी यादी जमवायला त्यांच्या माणसांना दीड महिना लागला होता. तिथला दवाखाना आता बंद आहे. यादीतले बरेच जण धर्मांतराच्या केसमध्ये अजून ठाण्यात जबाब द्यायला जातात. दोन घरं गाव सोडून गेली, कुठं गेली ते कळलं नाही.

“तुम्ही तर जातीसकट दिलीत,” ते म्हणाले. “आमचं निम्मं काम वाचवलंत.”

गुरुजींनी वही परत मागितली. एक शेरा दुरुस्त करायचा राहिलाय, म्हणाले. पाहुण्यांनी वही काखेत धरली आणि ते स्टेजवर जाऊन बसले.

गुरुजींनी रणधीरला गाठलं. तो मोबाइलवर होता. त्यानं हातानंच थांबा म्हटलं, आणि बोलणं संपल्यावर सांगितलं की वरून सत्कार करा असं आलं, त्यानं केला. वहीचं वहीवाल्यांना विचारा.

स्टेजवर सिस्टरांना फेटा बांधणं चाललं होतं. डोक्यावरच्या पांढऱ्या कपड्यावर तो ठरेना, तीनदा घसरला. लोक हसले, सिस्टरही हसल्या. सूत्रसंचालन गुरुजींकडंच होतं, तेव्हा ते माइक घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि खाली वाकून जमेल तेवढं सांगितलं. सिस्टरांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे वहीकडं गेले.

“माझं राहू द्या, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “लोकांना घरला लावा.”

गुरुजी वळले. समोर मांडव भरला होता. एकानंही चुकवू नये, असं त्यांनीच दारोदार सांगितलं होतं.

“मंडळी,” ते माइकमध्ये म्हणाले, “ही यादी खोटी आहे. मी घरात बसून लिहिली. अंगठेसुद्धा माझेच आहेत.”

गुरुजींनी जन्मात कुणाला एक मार्क फुकट दिला नव्हता. पाहुण्यांनी वही मांडीवर उघडली आणि ते वाट बघत बसले.

पहिल्या रांगेत गिरिजाबाई बसल्या होत्या, पट्टी बांधलेला पाय पुढं पसरून. शेजारणीच्या खांद्याचा आधार घेत त्या उठल्या.

“गुरुजी, येड्यावानी काय बोलायलाव? म्या सोता अंगठा दिलाय. तुमाला कुणी लबाड म्हणावं आन् आमी बसून ऐकावं व्हय?” मग त्या पाहुण्यांकडं वळल्या. “जाते म्या दर रविवारी. एक बी चुकवला न्हाय. घ्या लिहून.”

मागून कुणीतरी म्हणालं, आमी बी जातो. मग बायकांची आख्खी रांग उठली, मग पुरुषांची. गुरुजी माइकमधून बसा, बसा म्हणत राहिले. लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटला. टाळ्या पडल्या. रविवारी कधी न जाणारेही दोघंतिघं उभे राहिले.

पाहुण्यांनी पेनाचं टोपण काढलं. गलका फार होता, म्हणून गुरुजींच्या हातातला माइक त्यांनी हळूच काढून घेतला.

“रेटारेटी करू नका,” ते म्हणाले. “एकेकानं पुढं येऊन नाव सांगा. आम्हाला घाई नाही.”